तोंडाची आग थांबली, म्हणजे आजार बरा झाला का?

"डॉक्टर, दोन-तीन महिने झाले, तोंड आलंय. जेल लावलं, बी-कॉम्प्लेक्स खाल्लं. लावलं की बरं वाटतं, बंद केलं की पुन्हा तेच."

नागपुरात ओपीडी चालवणाऱ्या आम्हा दंतवैद्यांना हे वाक्य पाठ झालेलं असतं. त्यामागोमाग येणारं दुसरं वाक्यही ठरलेलं असतं. "काही नाही जी, पोटात उष्णता वाढली असेल." आपल्या शहराचा उन्हाळा असा आहे, की उष्णतेवर बिल फाडायला कुणालाच अडचण वाटत नाही.

आज मी तुमच्याशी थोडं परखड बोलणार आहे. तोंडाच्या आतल्या अस्तराचे जे जुनाट, दाह करणारे आजार असतात, त्यांच्याबद्दल माझं एक मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. या आजारांत आराम पडणं आणि उपचार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्ण आरामाला उपचार समजतो. आम्ही डॉक्टरही घाईगर्दीत त्याला तसंच समजू देतो. त्यात वेळ जातो, आणि काही रुग्णांच्या बाबतीत तो गेलेला वेळ फार महाग पडतो.

'तोंड येणं' हे आजाराचं नाव नाही

मराठीत आपण 'तोंड आलं' असं सहज म्हणतो. आग होते, तिखट झोंबतं, फोड येतात, पांढरं दिसतं. या सगळ्याला एकच शब्द. ताप येणं जसं मलेरियातही होतं, टायफॉइडमध्येही आणि साध्या सर्दीतही, तसंच हे आहे. तापावर नुसती पॅरासिटामॉल घेत महिनाभर बसू नये, हे आता सगळ्यांना कळतं. तोंडाच्या आगीवर मात्र नुसतं बधिर करणारं जेल लावत लोक सहा-सहा महिने काढतात.

तोंडाचं अस्तर दिसायला ओठांच्या आतली गुलाबी त्वचा एवढंच असलं, तरी ते फार जिवंत असतं. त्याच्या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात. म्हणूनच जिभेला चावलं तरी जखम चार-आठ दिवसांत भरते. यातून एक सोपा नियम निघतो: जे दोन आठवड्यांत भरलं नाही, ते डॉक्टरांना दाखवायचंच. दुखत असो वा नसो. उलट जे दुखत नाही आणि भरतही नाही, ते तर आधी दाखवायचं.

ओपीडीत 'तोंड आलं' म्हणून येणाऱ्यांत तीन प्रकार वारंवार दिसतात. तिन्हींत 'उपचार' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, म्हणून ते एकेक करून पाहू.

पहिला प्रकार: पुन्हा पुन्हा येणारे साधे फोड

ओठाच्या आत, गालाला, जिभेच्या कडेला गोल, मध्ये पिवळसर-पांढरे आणि कडेला लालबुंद असे छोटे व्रण येतात. बोलता येत नाही, जेवता येत नाही. साधारण एक-दोन आठवड्यांत ते आपोआप भरतात आणि काही दिवसांनी, महिन्यांनी पुन्हा येतात. यांना आम्ही ॲफ्थस अल्सर म्हणतो. ते संसर्गजन्य नसतात आणि त्यांचा कर्करोग होत नाही.

इथे जेल लावून दिवस काढणं चुकीचं नाही. आजीने सांगितलेला जाईचा पाला चघळला, तूप लावलं, तरी माझी हरकत नाही. कारण तो व्रण भरणारच असतो. पण हे फोड दर महिन्याला येत असतील, तर 'का येतात' हे शोधणं म्हणजे उपचार. रक्तातलं लोह, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासावं लागतं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. दातांचा किंवा कवळीचा धारदार कोपरा सतत टोचत असतो. काही जणांना जास्त फेस करणाऱ्या टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही, पेस्ट बदलली की फरक पडतो. छातीत दुखण्यासाठी दिलं जाणारं निकोरँडिल, सांधेदुखीसाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट अशा औषधांनीही तोंडात व्रण येतात. अशा वेळी औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ते लिहून दिलं त्यांना सांगा.

आणि फोडांबरोबर डोळे लाल होणं, गुप्तांगावर व्रण, सतत जुलाब, वजन घटणं यांपैकी काही असेल, तर हा प्रश्न एकट्या तोंडाचा राहत नाही.

दुसरा प्रकार: लायकेन प्लॅनस

हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण हा आजार दुर्मीळ नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर, स्त्रियांमध्ये थोडा जास्त दिसतो. दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी दिसते, बारीक लेस विणल्यासारखी. कधी हिरड्या लालभडक होतात, सोलवटल्यासारख्या. ब्रश लावला तरी आग होते.

यात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच तोंडाच्या अस्तरावर चालून जाते. रक्तातल्या टी-पेशी अस्तराच्या तळाच्या पेशींना शत्रू समजतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं करायची गरज नाही, नातवाचा पापा घ्यायला हरकत नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ओपीडीत हा प्रश्न लोक शेवटी, दाराशी जाऊन, हळूच विचारतात.

लायकेन प्लॅनस मुळापासून घालवणारं औषध आज उपलब्ध नाही. 'कायमचा बरा करतो' असं कुणी सांगितलं, तर खिशाला हात लावण्याआधी विचार करा. पण तो आटोक्यात नक्की ठेवता येतो. पहिलं औषध म्हणजे वरून लावायचं स्टेरॉइड. 'स्टेरॉइड' ऐकून घाबरू नका, थोड्या प्रमाणात, ठरावीक दिवस, नेमक्या जागी लावलेलं औषध आणि महिनोन्महिने गिळलेल्या गोळ्या यांत मोठा फरक आहे.

औषध बरोबर असून गुण येत नाही, याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लावण्याची पद्धत. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही, तसं ओल्या तोंडात औषध टिकत नाही. जेवण झाल्यावर चूळ भरा, स्वच्छ कापडाने किंवा गॉजने ती जागा कोरडी करा, थोडंसं औषध अलगद बसवा, रगडू नका. पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा नाही. रात्री झोपताना लावलेलं औषध सगळ्यात जास्त टिकतं. मध्येच तोंडात दह्यासारखा पांढरा थर आला, तर ती बुरशी असू शकते. स्टेरॉइडचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि त्यावर औषध आहे.

या आजारात आराम मिळणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो, हे मी मान्य करतो. पण पूर्ण उपचार नव्हे. लायकेन प्लॅनस असलेल्या शंभरातल्या साधारण एका रुग्णात पुढे काही वर्षांत कर्करोग दिसतो. शंभरात एक हा आकडा झोप उडवण्याइतका मोठा नाही. पण वर्षातून एक-दोनदा तोंड दाखवायला यावं, इतका नक्की मोठा आहे. आग थांबली की रुग्ण येणं थांबवतो. आमची खरी गरज तिथून पुढे असते.

शिवाय तसंच दिसणारे दुसरे आजारही असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, वेदनाशामकांनी किंवा दातातल्या चांदीच्या भरणामुळेही अशाच रेषा येऊ शकतात. पेम्फिगस नावाचा गंभीर आजार तर अनेकदा आधी तोंडातच सुरू होतो आणि अंगावर फोड नंतर येतात. तोवर रुग्ण महिनोन्महिने 'तोंड आलंय' म्हणत असतो. म्हणून शंका असेल तिथे तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, आवश्यक असते.

तिसरा प्रकार: आपल्या विदर्भाचा

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सकाळी तर्री-पोहे खायला बसलेला पंचविशीतला तरुण म्हणतो, "आजकाल तर्री झेपत नाही." काही महिन्यांनी साओजीचा रस्सा बंद होतो. मग घरचं साधं वरणही झोंबायला लागतं. मग पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही, ती फोडून खावी लागते. मग एके दिवशी दात दुखतो म्हणून तो आमच्याकडे येतो, आणि आमचा आरसा त्याच्या तोंडात नीट शिरत नाही.

या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. म्हणजे तोंडाच्या अस्तराखाली घट्ट तंतूंचा थर साचणं. गाल आतून पांढुरका, संगमरवरासारखा दिसतो, बोट फिरवलं तर आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. पडजीभ आक्रसते. जीभ पूर्ण बाहेर येत नाही. शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही.

वैद्यकाने हा आजार नोंदवला, तोही आपल्याच माणसांत. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिला, आणि १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. भारतीय माणूस आफ्रिकेत गेला तरी आजार त्याच्याबरोबर गेला. कारण तो जातो तिथे सुपारी जाते.

हो, सुपारी. इथे बहुतेक लोक चुकतात. त्यांना वाटतं, दोष तंबाखूचा. तंबाखू वाईट आहेच, कर्करोगाला ती थेट जबाबदार आहे. पण तोंड आवळणारा हा आजार मुख्यतः सुपारीचा आहे. सुपारीतलं ॲरेकोलिन हे द्रव्य तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं. सुपारीतलं टॅनिन ते तंतू पक्के करतं. कातडं कमावताना टॅनिन वापरतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे कमावलं जातं ते तुमच्या गालाचं अस्तर. सुपारीतलं तांबं या तंतूंना एकमेकांत घट्ट विणतं. मग शरीराला तो थर मोडून काढता येत नाही.

आणि आपला खर्रा म्हणजे काय? भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, पन्नीत घालून घोटलेला. गालात धरून ठेवायचा, तासन्‌तास. सुपारी तंतू वाढवते, चुना अस्तर भाजतो आणि तंबाखूतलं निकोटीन लवकर शोषायला मदत करतो, तंबाखू कर्करोगाचं बी पेरते. तिघं मिळून एकाच जागी, रोज. तोंडाचं अस्तर बिघडवायचं कुणी ठरवलं असतं, तर याहून वेगळी कृती त्याने केली नसती.

खर्रा ही आपल्याकडे केवळ सवय नाही, ती ओळख काढण्याची रीत आहे. मित्र भेटला की पन्नी पुढे होते. कामावर भूक मारायला, रात्रपाळीत झोप उडवायला, सकाळी पोट साफ व्हायला, सगळ्याला खर्रा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, म्हणजे चारात जवळपास एक. २०१२ पासून राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. पण पानठेल्यावर समोर घोटून मिळणाऱ्या खर्र्याला ना कारखाना लागतो, ना पाकीट, ना त्यावरचं इशाऱ्याचं चित्र.

या आजारात इंजेक्शन नेमकं काय करतं?

सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये आम्ही गालात इंजेक्शनं देतो. त्यात स्टेरॉइड असतं, दाह कमी करायला, आणि हायलुरोनिडेज असतं, आतला थर थोडा सैल करायला. लायकोपीनच्या गोळ्या देतो, लोह-जीवनसत्त्वांची कमतरता भरून काढतो, तोंड उघडण्याचे व्यायाम सांगतो. तोंड फारच बंद झालं असेल तर शस्त्रक्रिया करून ते पट्टे कापावे लागतात आणि तिथे दुसरीकडचा मांसल भाग बसवावा लागतो. या सगळ्याचा उपयोग होतो. आग कमी होते, काही मिलिमीटर तोंड उघडतं.

आता पुढे काय होतं ते सांगतो. आग कमी झाली, की रुग्णाला पुन्हा खर्रा सोसायला लागतो.

हा माझा मुख्य आक्षेप आहे. झोंबणं ही शरीराची ओरड असते. घराबाहेर कुत्रा भुंकतोय म्हणून आपण कुत्र्याचं तोंड बांधलं आणि दाराशी कोण आलंय ते पाहिलंच नाही, तर चोराची सोयच झाली. खर्रा सुरू असताना दिलेलं इंजेक्शन म्हणजे नेमकं हेच. रुग्णाला वाटतं उपचार चालू आहे. बायकोला, आईला वाटतं, "जातोय ना डॉक्टरकडे." आणि आत आजार सुखाने पुढे सरकत असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या आजारात सुपारी सुटणं हाच उपचार आहे, बाकी सगळी त्याला जोड आहे. इंजेक्शन, गोळ्या, व्यायाम हे 'खर्रा सोडणं जमलं नाही तर निदान एवढं तरी करू' म्हणून नसतात. ते सोडलेल्या माणसासाठी असतात. जो सोडतोय, धडपडतोय, पुन्हा घसरतोय, त्याच्यासाठीही असतात. त्याला मी दारातून परत पाठवणार नाही. पण खर्रा खिशात ठेवून 'फक्त इंजेक्शन द्या' म्हणणाऱ्याला मी आधी खुर्चीत बसवून बोलतो. कधी कधी तो रागावून जातो. चालेल.

कारण दुसरी बाजू अशी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षांच्या काळात पाठपुरावा केला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्के लोकांना, तोंडाचा कर्करोग झाला. आमच्या हातात असलेलं कोणतंही इंजेक्शन किंवा गोळी हा धोका पुसून टाकते, असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय साचलेले तंतू पूर्ण विरघळत नाहीत. सुपारी सुटली तर आजार बहुधा तिथेच थबकतो. तिशीत तीन बोटांवर थबकलेलं तोंड आणि चाळिशीत एका बोटावर आलेलं तोंड, यांत एका अख्ख्या आयुष्याचा फरक आहे. आणि ज्याचं तोंडच उघडत नाही, त्याच्या गालात मागे गाठ झाली तरी ती वेळेत दिसत नाही.

माझी एक चूक

नवीन नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाची गोष्ट. चाळिशीच्या एक गृहिणी तोंडाची आग होते म्हणून आल्या. मी विचारलं, "तंबाखू, खर्रा काही?" त्या जवळजवळ रागावल्याच. "छे हो डॉक्टर, आमच्या घरात चालत नाही ते." मी लोह-जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, लावायला जेल दिलं. बरं वाटलं. पुन्हा आल्या, पुन्हा तेच दिलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते आधीपेक्षा कमी उघडतंय. गालात बोट घातलं, तर दोऱ्या लागल्या.

"ताई, सुपारी खाता का?"

"हो. भाजकी सुपारी. जेवण झाल्यावर, आणि दुपारभर काम करता करता. ते तुम्ही विचारलंच नव्हतं."

खरंच विचारलं नव्हतं. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. माझा प्रश्न अपुरा होता, आणि जेलने आराम पडत होता म्हणून मला तो पुन्हा विचारावासा वाटला नाही. त्यांना आराम पडत गेला आणि मला समाधान मिळत गेलं, तेवढ्यात त्यांचे काही महिने गेले. तेव्हापासून मी 'तंबाखू खाता का' असं विचारत नाही. 'तोंडात दिवसभरात काय काय ठेवता, सगळं सांगा' असं विचारतो. गोड सुपारी, सुगंधी सुपारी, मुखवासातली सुपारी, पूजेतली उरलेली सुपारी, सगळं.

तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी देताना हे आठवा.

तुमचे नेहमीचे प्रश्न

*"आमच्या आबांनी पन्नास वर्षं खाल्ला, काही झालं नाही."*
आनंद आहे. पण ज्यांना झालं, ते तुम्हाला ही गोष्ट सांगायला पारावर बसलेले नसतात. कुणाला होईल आणि कुणाला नाही हे आधी सांगता येत नाही, म्हणून आबांच्या नशिबावर स्वतःचं तोंड लावू नका.

*"तुकडा काढला की आजार पसरतो म्हणतात."*
नाही. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. बायोप्सी टाळल्याने मात्र निदान लांबतं.

*"खर्रा सोडला तर पोट साफ होत नाही, चिडचिड होते."*
खरं आहे. निकोटीनचं व्यसन आहे ते, आणि सुपारीचीही स्वतंत्र ओढ असते. सुरुवातीचे काही दिवस सगळ्यात कठीण जातात, मग ओढ हळूहळू ओसरते. नुसती इच्छाशक्ती पुरत नसेल तर त्यात लाज नाही. निकोटीनच्या गमऐवजी पट्टी वापरता येते, कारण आवळलेल्या तोंडाने गम चघळणं अवघड असतं. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. आणि गडचिरोलीत २०१६ पासून चाललेला मुक्तिपथचा प्रयोग पाहिलात, तर लक्षात येईल की गाव एकत्र आलं तर सोडणं सोपं जातं. घरातही तसंच आहे. सोडणाऱ्या माणसासमोर पन्नी काढू नका, एवढं तरी मित्रांनी करावं.

*"व्यायामाने तोंड दुखतं."*
ताण जाणवणारच. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा. जोर किती, कुठल्या दातांमध्ये, हे तुमच्या डॉक्टरांकडून एकदा समजून घ्या. शस्त्रक्रियेनंतरही हा व्यायाम महिनोन्महिने करावाच लागतो, नाहीतर उघडलेलं तोंड पुन्हा आवळतं.

आज घरी काय कराल?

आरशासमोर उभे राहा, उजेड नीट असू द्या.

- तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक करून पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही आरामात जायला हवीत. जात नसतील तर दाखवून घ्या.
- दोन्ही गाल बोटाने ओढून आत बघा. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा. जीभ वर करून तिच्याखाली बघा.
- पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, गाठ, न भरणारा व्रण दिसला तर दोन आठवड्यांहून जास्त थांबू नका.
- पूर्वी सोसणारं तिखट आता सोसत नसेल, तर ती जिभेची नाजूकता समजू नका. तीच पहिली खूण असते.
- डॉक्टरांकडे गेलात की तीन प्रश्न विचारा: माझ्या आजाराचं नाव काय? हे औषध आजारावर आहे की आरामासाठी? आग थांबली तरी मी पुन्हा कधी दाखवायला येऊ?

हे तिसरं विचारायला विसरू नका. सबम्यूकस फायब्रोसिस असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्यावं लागतं, खर्रा सोडला असेल तरीही.

नागपुरात यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. मेडिकलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा, तोंडाच्या आजारांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. पुढची गरज पडली तर शहरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. सोयी आहेत. पण तिथे पोहोचणारा माणूस अनेकदा उशिरा पोहोचतो, कारण मधला सगळा काळ त्याला 'बरं वाटत' असतं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. बधिर करणारं जेल लिहिण्याआधी एकदा गालात बोट घाला, आणि 'सुपारी' हा शब्द उच्चारा. अर्धा मिनिट लागतो.

आणि तुम्हाला एवढंच सांगतो, औषधाने आग थांबली की हायसं वाटून घ्या, तो तुमचा हक्क आहे. फक्त त्याच दिवशी पुढच्या तपासणीची तारीखही घ्या. आणि खिशात पन्नी असेल, तर ती आमच्या दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून जा. डबा दाराशीच ठेवलेला आहे.

काळजी घ्या.